माझ्या दोन शिट्ट्या

१ डिसेंबर २०२२ची रात्र. कतारच्या अल-बैत स्टेडियमवर जर्मनी आणि कोस्टारिका यांचा सामना सुरू होणार होता. आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे जमले होते. पंच म्हणून मैदानात आल्या फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार. सोबतच्या दोन्ही सहायक पंचही स्त्रियाच, ब्राझीलच्या नेउझा बाक आणि मेक्सिकोच्या कारेन दियाझ. पुरुषांच्या वर्ल्डकपमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. माझी भाची डोळे विस्फारून म्हणाली, “मामू, इत्ते बड़े मर्दां इसकी सुनते क्या?”

ऐकत होते. जर्मनीने ४-२ने सामना जिंकला, तरीही स्पर्धेबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी चर्चा जर्मनीच्या स्पर्धेबाहेर जाण्याची होती, पंचांची नव्हती. पंचाला याहून मोठी दाद नसते.

भाचीच्या प्रश्नाने मला मात्र माझीच शिट्टी आठवली.

आमचा बीड जिल्हा कुस्ती, कबड्डी, खो-खोचा. राहुल आवारे पाटोद्याचा, अविनाश साबळे आष्टीचा. फुटबॉल आमच्याकडे शालेय स्पर्धांपुरता. पंच मिळत नाहीत, म्हणून ज्याला नियम ठाऊक आहेत त्याच्या हातात शिट्टी दिली जाते. मी अशीच काही वर्षं तालुक्याच्या सामन्यांत शिट्टी वाजवली. सकाळी मुलांचा सामना, दुपारी मुलींचा. मैदान तेच, चुन्याच्या रेषा त्याच. शिट्टी मात्र माझ्या नकळत बदलायची. मुलांमध्ये खांद्याला खांदा लागला की मी “खेळा, खेळा” म्हणायचो. मुलींमध्ये तेवढ्याच धक्क्याला फाऊल द्यायचो. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, शिट्टी का वाजवली? मी पडले नव्हते. बॉल माझ्याकडंच होता की!” तिचं बरोबर होतं. तिच्या काळजीपोटी मी तिचा गोल हिरावला होता.

ही ‘काळजी’ फार जुनी आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार प्रेक्षक आले होते. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं स्त्रियांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असं कारण दिलं. ही बंदी उठायला पन्नास वर्षं लागली.

पुढे १९९१ला चीनमध्ये फिफाची स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. सामने ९० नव्हे, ८० मिनिटांचे. बाया दमतील, हीच ती काळजी! अंतिम सामन्याचा पंच पुरुष होता. ब्राझीलच्या क्लाउडिया व्हास्कॉन्सेलॉस यांना तिसऱ्या क्रमांकाचा सामना मिळाला. १९९५ला सामने ९० मिनिटांचे झाले आणि अंतिम सामन्याची शिट्टी स्वीडनच्या इंग्रिड यॉन्सन यांच्याकडे आली. १९९९च्या स्पर्धेत सगळ्या पंच स्त्रियाच होत्या.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे स्त्रीने पुरुषांचा सामना चालवणं, अधिक कठीण होता. त्याची एक सुरुवात तुर्कस्तानात आहे, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. द्राहशान आर्दा या तुर्की बाईंनी १९६८ला शिट्टी हाती घेतली. जगातल्या सुरुवातीच्या स्त्री पंचांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. मुस्लिम स्त्री मागे, बाकीचं जग पुढे, असं सरळ गणित मांडणाऱ्यांनी हे नाव जरूर वाचावं. योगायोग असा, की फ्रापार यांनी १४ ऑगस्ट २०१९ला लिव्हरपूल-चेल्सी हा सुपर कपचा सामना चालवला, तोही इस्तंबूलमध्येच.

आपल्या शेजारच्या गोव्यातही हा इतिहास घडलाय. मारिया रिबेलो भारतीय संघाच्या कर्णधार होत्या. खेळणं संपल्यावर त्या पंच झाल्या आणि पुरुषांच्या आय-लीगपर्यंत पोहोचल्या. गोव्याच्याच उवेना फर्नांडिस २०१६ला जॉर्डनमध्ये झालेल्या मुलींच्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये सहायक पंच होत्या.

आता कुणी म्हणेल, पुरुषांचा खेळ वेगवान, बाई धावणार कशी? फिफाच्या चाचणीत पंचाला ४० मीटर सहा वेळा पळावं लागतं. प्रत्येक वेळी पुरुषाला ६ सेकंद मिळतात, स्त्रीला ६.४. पण जिला पुरुषांचे सामने हवेत, तिने पुरुषांच्याच वेळेत पळायचं. तिथे ०.४ सेकंदाचीही सूट नाही. पळण्याची परीक्षा दोन प्रकारची असेल, नियमांचं पुस्तक मात्र एकच आहे. सतरा नियम दोघांनाही तेच.

या सतरांपैकी चौथा नियम पोशाखाचा. आणि इथे मला माझी कबुली द्यायची आहे.

२००९च्या हिवाळ्यात मुलींच्या एका सामन्याआधी मी पोशाख तपासत होतो. एक मुलगी डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून उभी होती. मी म्हणालो, “हा काढावा लागेल. नियम आहे.” ती म्हणाली, “सर, घरी याच अटीवर पाठवलंय.” मी शिट्टीकडे बोट दाखवलं. ती वाद न घालता रेषेबाहेर गेली आणि दप्तर घेऊन निघाली. तिच्या अब्बांना आम्ही खेळाच्या विरोधातले समजत होतो. त्यांनी तर तिला मैदानापर्यंत पाठवलं होतं. तिला परत पाठवणारा मी होतो. मीही मुसलमान, आणि स्वतःला सुधारक म्हणवणारा.

पुढे वाचनात आलं, की फेब्रुवारी २००७ला कॅनडाच्या क्विबेक प्रांतात ११ वर्षांच्या एका मुलीला असंच हिजाबमुळे बाहेर काढलं होतं. तो पंचही मुसलमान होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. ते वाचून माझी मान खाली गेली. जून २०११ला अम्मानमध्ये इराणच्या मुलींना याच कारणाने जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना गमवावा लागला. मैदानावर रडणाऱ्या त्या खेळाडूंचे फोटो जगभर गेले. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी फिफात हा प्रश्न लावून धरला. २०१२ला प्रायोगिक परवानगी मिळाली आणि १ मार्च २०१४ला नियम करणाऱ्या मंडळाने डोकं झाकायला रीतसर मान्यता दिली, स्त्री-पुरुष दोघांनाही. म्हणजे शीख मुलांच्या पटक्याचाही प्रश्न त्याच दिवशी सुटला.

२०२३च्या वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. त्याच स्पर्धेत पॅलेस्टाईनच्या हिबा सादिया हिजाब घालून सहायक पंच होत्या. ज्या कापडासाठी मी एका मुलीला बाहेर काढलं, ते आता निशाण दाखवणाऱ्या पंचाच्या डोक्यावर होतं.

हिजाब घालावाच, असं मी म्हणत नाही. तो घालायचा की नाही, हे तिचं तिने ठरवावं. इराणमध्ये सक्तीविरुद्ध मुली रस्त्यावर उतरल्या, त्यांच्याही बाजूने मी आहे. माझं म्हणणं एवढंच, की तिच्या कपड्यांचा निकाल घरी एक पुरुष देणार आणि मैदानावर दुसरा देणार, तर ती खेळणार कधी?

बीड १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्याच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. १९५१ आणि १९६२ला भारताला आशियाई सुवर्ण मिळालं, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. आमच्या घरातल्या बुजुर्गांना रहीमसाहेबांचा कोण अभिमान! पण त्या अभिमानात मुली कुठेच नव्हत्या. आज मुंब्र्यात ‘परचम’च्या सबा खान आणि त्यांच्या सोबतच्या मुलींनी फुटबॉल खेळत, सह्या गोळा करत मैदानावर आपला हक्क मागितला. रहीमसाहेबांचा वारसा तिथेही आहे, असं मी मानतो.

ती २००९ची मुलगी आज तिशीच्या आसपास असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. भेटली तर माफी मागेन. तोवर जे हातात आहे ते करतोय. भाचीला गेल्या वर्षी शिट्टी आणून दिली. गल्लीतल्या पोरांच्या सामन्यात ती पंच असते. परवा तिने माझ्या मुलाला पिवळं कार्ड दाखवलं. तो तक्रार घेऊन माझ्याकडे आला. मी म्हणालो, “पंचांनी दिलंय ना? मग जा, खेळ.”