दगड कुठे झुकलेत? हिमनदीचा गाळ ओळखण्याचं गणित

चंद्रपूरजवळच्या इरई इथे १८७५ मध्ये फ्रान्सिस फेडन यांनी एक नोंद केली. चुनखडकावर घासल्यासारख्या समांतर रेषा आणि त्यावर तालचिर काळातला दगडगोट्यांचा थर! सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे बर्फ होता, याचा हा महाराष्ट्रातला पुरावा.

पण दगड-मातीची सरमिसळ दिसली की ती हिमनदीनेच टाकली, असं नसतं. उतारावरून घसरलेला चिखल-दगडांचा लोंढाही तसाच थर टाकतो. फरक शोधायला दगडांची दिशा मोजतात. या पद्धतीचं नाव 'क्लास्ट फॅब्रिक'.

काय मोजायचं?
एकाच जागचे साधारण ५० लांबट दगड घ्यायचे. प्रत्येकाच्या लांब अक्षाची दिशा आणि जमिनीशी असलेला कल नोंदवायचा.

साधी सरासरी का चालत नाही?
अक्षाला बाणासारखं टोक नसतं. आडव्या दगडासाठी १०° आणि १९०° ही एकच रेषा. सरासरी मात्र १००° येते, म्हणजे थेट काटकोनात! म्हणून प्रत्येक अक्षाच्या एकक सदिशाचा स्वतःशीच गुणाकार करून ३×३ मॅट्रिक्स बनवतात. त्यात उलट-सुलट चिन्ह आपोआप नाहीसं होतं. सगळ्या मॅट्रिक्सच्या सरासरीच्या तीन आयगनव्हॅल्यू काढायच्या. त्यांची बेरीज १ असते. पीसीए केलं असेल तर हे ओळखीचं वाटेल.

आकडे काय सांगतात?
- सर्वात मोठी व्हॅल्यू १ च्या जवळ: बहुतेक दगड एका रेषेत. सरकत्या बर्फाखाली दाबून बसलेल्या गाळात असं दिसतं. अक्ष सहसा प्रवाहाला समांतर, बर्फ आलं त्या बाजूला झुकलेले.
- दोन सारख्या, तिसरी ० जवळ: दगड एका प्रतलात पडलेत, पण त्या प्रतलात ठरावीक दिशा नाही.
- तिन्ही ०.३३ जवळ: दिशाच नाही. उदाहरणार्थ, तरंगत्या हिमखंडातून पडलेले दगड.

मात्र लोंढ्याचे आणि हिमनदीचे आकडे बरेचदा एकमेकांत मिसळतात. नुसत्या आकड्यावरून निकाल देऊ नका. दगडांवरचे ओरखडे, खालचा खडक हेही बघा.

सराव कुठे करायचा?
काष्टीकडच्या, म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातल्या वाचकांना घोड-भीमेचं पात्र जवळ आहे. तिथे हिमनदीचा गाळ नाही, पण चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले, उगमाकडे झुकलेले सापडतात. प्रवाहाची दिशा आधीच माहीत असल्याने आपलं मोजमाप आणि कोड तपासता येतो. फक्त मोबाईलचा कंपास दगडाला टेकवू नका. बेसॉल्टमधल्या चुंबकीय खनिजांमुळे तो चुकू शकतो.