काटा खोटे बोलतो तेव्हा : पिकअप ट्रक आणि इंधनमापकाचा इतिहास

१/ डॅशबोर्डवरील इंधनाचा काटा पेट्रोल मोजत नाही. तारेतून त्याच्यापर्यंत जेवढा विद्युतप्रवाह पोहोचतो, तेवढेच तो सांगतो. टाकी आणि काटा यांच्यामध्ये अनेक मध्यस्थ असतात, आणि त्यांतील कोणीही साक्ष फिरवू शकतो. हे मध्यस्थ आले कोठून आणि त्यांची खोटी साक्ष पकडतात कशी, याविषयी हा धागा.

२/ १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत काटा नव्हताच. टाकी पुढच्या बैठकीखाली असे. चालक खाली उतरे, गादी उचले, झाकण उघडून खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवी. पट्टी जिथवर ओली, तिथवर पेट्रोल. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने याच गाडीला मागे हौदा जोडून कारखान्यातच तयार झालेली पिकअप २८१ डॉलरना बाजारात आणली.

३/ पट्टीचे माप चुकणे महागात पडे. पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहत असे. टाकी तळाला गेलेली असताना तीव्र चढ आला, की इंजिन उपाशी राहून बंद पडे. म्हणून अनेक चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत.

४/ डिसेंबर १९२७ मध्ये आलेल्या मॉडेल ए गाडीत टाकी थेट डॅशबोर्डच्या पुढे बसवलेली होती. टाकीतला फ्लोट वरखाली होई आणि त्याला जोडलेले आकडे चालकाला काचेतून दिसत. मध्यस्थ एकच, तोही हाताच्या अंतरावर. पण पेट्रोलची टाकी प्रवाशांच्या गुडघ्यांवर असणे धोक्याचे होते. पुढे टाक्या दूर गेल्या आणि साक्ष लांबून आणण्याची गरज निर्माण झाली.

५/ १९२० आणि १९३० च्या दशकांत काही गाड्यांत हवेच्या दाबावर चालणारे मापक वापरले गेले. टाकीच्या तळापासून एक बारीक नळी डॅशबोर्डपर्यंत येई. पेट्रोलच्या वजनाने नळीतील हवा दाबली जाई आणि काचेच्या नळीतले लाल द्रव वर चढे. नळीला सूक्ष्म गळती लागली, की भरलेली टाकीही रिकामी दिसे.

६/ त्यानंतर विजेचे मापक स्थिरावले. टाकीत फ्लोट, फ्लोटच्या दांड्याला सरकता संपर्क, त्याखाली विद्युतरोधक तारेचे वेटोळे. या जोडणीला सेंडर म्हणतात. फ्लोट हलला की रोध बदलतो, रोध बदलला की प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की काटा हलतो. मंडल पूर्ण करणारे अर्थिंग गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून होते.

७/ येथे दोन घराण्यांचे मार्ग वेगळे झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम हे प्रमाण रूढ झाले. फोर्डमध्ये नेमके उलट : रिकाम्या टाकीला सुमारे ७३ आणि भरलेल्या टाकीला सुमारे १० ओहम.

८/ पिकअपचा सांगाडा चिखल, पाणी आणि थंड प्रदेशांत रस्त्यावर पसरलेले मीठ सोसतो. अर्थिंगच्या जोडावर गंज चढतो आणि मंडलातील रोध वाढतो. हा एकच गंज शेव्हरोलेत असलेल्यापेक्षा अधिक पेट्रोल दाखवतो, फोर्डमध्ये कमी. एका गाडीचा चालक विनाकारण पंपावर थांबतो. दुसरीचा भर रस्त्यात अडकतो.

९/ म्हणून मेकॅनिक उलटतपासणी घेतो. सेंडरची तार सोडवली, की शेव्हरोलेचा काटा ‘पूर्ण’च्या पलीकडे गेला पाहिजे, तीच तार सांगाड्याला टेकवली, की ‘रिकामे’वर आला पाहिजे. काट्याने दोन्ही हुकूम पाळले, तर काटा आणि तार निर्दोष. दोष टाकीच्या बाजूला. जुन्या फोर्डमध्ये तार थेट टेकवत नाहीत, कारण मापकातील तापणारी धातुपट्टी जळू शकते. मध्ये १० ओहमचा रोधक घालतात. तेथे इंधन आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी चुकत असतील, तर संशय दोघांना वीज पुरवणाऱ्या सामाईक नियंत्रकावर जातो.

१०/ दोष टाकीकडे दिसला, की सेंडरपासून सांगाड्याच्या स्वच्छ धातूपर्यंत एक तात्पुरती तार जोडून पाहतात. काटा सुधारला, तर गंज घासून अर्थिंग नव्याने बांधणे पुरते. नाही सुधारला, तर सेंडर बाहेर काढतात. बहुधा फ्लोटला छिद्र पडून तो बुडालेला असतो, किंवा वेटोळे झिजलेले असते. टाकी हौद्याखाली असेल, तर ती उतरवण्याऐवजी पुष्कळदा हौद्याचेच बोल्ट काढून तो उचलतात.

११/ कधी साक्षीदाराला खुद्द पेट्रोलच बिघडवते. मे २००४ मध्ये अमेरिकेत लुइझियाना, फ्लोरिडा आदी राज्यांत शेल आणि मोटिव्हा यांनी गंधकाचे प्रमाण वाढलेले पेट्रोल पंपांवरून परत घेतले. त्या गंधकाने सेंडरमधील चांदीचे संपर्क खराब होत होते आणि काटे चुकत होते.

१२/ इतिहासाच्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. ओली पट्टी म्हणजे अस्सल पत्र. काटा म्हणजे बखर. बखरीत चूक आहे म्हणून ती कोणी फेकून देत नाही. मजकूर कोणाकोणाच्या हातून आला आणि प्रत्येकाचा कल कोणत्या बाजूला होता, हे एकदा कळले, की तीच बखर उपयोगी पडते. शेव्हरोलेचा गंज नेहमी वरच्या बाजूला खोटे बोलतो, हे ठाऊक असलेला चालक नादुरुस्त काट्यावरही घरी पोहोचतो : तो काटा वाचतो आणि त्यातून थोडे वजा करतो.