टाकीतील गंगाजळी

गंगाजळी हा आपल्या भाषेतील एक अर्थगर्भ शब्द आहे. काशीयात्रेहून परतताना आणलेले गंगोदक तांब्याच्या लहानशा गडूत भरून त्याचे तोंड झाळून बंद करीत आणि तो गडू देवघरात जपून ठेवीत. ते पाणी रोजच्या तहानेसाठी नसे, अखेरच्या घटकेसाठी असे. पुढे घरातील, संस्थेतील आणि राज्यातील राखीव शिलकीलाही आपण गंगाजळी म्हणू लागलो. अशीच एक गंगाजळी मोटारसायकलीच्या आणि स्कूटरच्या टाकीतही असे. तिला सारा देश ‘रिझर्व्ह’ म्हणे. गाडी किती अ‍ॅव्हरेज देते आणि रिझर्व्हला लागल्यावर किती अंतर जाते, हे दोन प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतात. परंतु आपल्या देशाचा आर्थिक इतिहास आणि मध्यमवर्गीय संसाराचा हिशेब या दोन प्रश्नांत जितका स्पष्ट उमटला आहे, तितका तो क्वचितच अन्यत्र सापडेल, असे आम्हांस वाटते.

पेट्रोल थेंबाथेंबाने मोजण्याची सवय आपल्याला प्रथम लागली ती दुसऱ्या महायुद्धात. आसामातील दिग्बोईला तेल निघत होते खरे, पण देशाची गरज मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशाच्या तेलावर भागत असे. १९४१ मध्ये पेट्रोलवर रेशनिंग आले आणि मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडल्यावर ती वाटही बंद झाली. कुपनावर मिळेल तेवढ्यात महिना काढायचा, नाहीतर गाडी दाराशी उभी करून सायकल काढायची, अशी स्थिती होती. कित्येक बसगाड्यांच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या बसविण्यात आल्या व त्या वायूवर गाड्या धापा टाकीत धावू लागल्या. इंधन ही दूर देशाहून येणारी आणि केव्हाही आटू शकणारी वस्तू आहे, हा धडा त्या पिढीने तेव्हाच गिरविला.

स्वातंत्र्यानंतर स्वयंचलित दुचाकी हळूहळू सामान्य माणसाच्या आटोक्यात येऊ लागली. १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड बुलेट तयार होऊ लागली. मुंबईत लॅम्ब्रेटा जुळविली जाऊ लागली. १९६० नंतर इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने बजाजची व्हेस्पा आली, म्हैसूरची जावा आली, फरिदाबादची राजदूत आली. पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीहून चेतक आणि साताऱ्याहून प्रिया निघाली, तेव्हा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांना ती माहेरची वस्तू वाटली असल्यास नवल नाही. स्कूटर मिळणे मात्र सोपे नव्हते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. केंद्र सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा असे आणि त्या कोट्यातून स्कूटर लागली म्हणजे घरात पेढे वाटले जात.

या गाड्यांना बहुधा पेट्रोल दाखविणारा काटा नसे. त्याची जागा रिझर्व्हने घेतली होती. अनेकांची अशी समजूत असे की रिझर्व्ह म्हणजे आत कोठेतरी असलेली वेगळी टाकी होय. वस्तुतः तसे काही नव्हते. टाकीच्या तळाशी असलेल्या कॉकमधून पेट्रोल घेण्याची दोन तोंडे असत. एक नळी टाकीत थोडी वरपर्यंत गेलेली असे, दुसरे तोंड अगदी तळाशी असे. एरवी पेट्रोल उंच नळीतून येई. पातळी तिच्या तोंडाखाली गेली की पुरवठा तुटे, इंजिन आचके देऊ लागे आणि चालविणाऱ्याचा हात आपोआप कॉककडे जाई. कॉक फिरविला की तळाचे तोंड उघडे होऊन उरलेले लिटर-दीड लिटर पेट्रोल वाहू लागे. एवढी साधी, स्वस्त आणि न बिघडणारी सूचनापद्धती दुसरी नसेल. काट्याकडे दुर्लक्ष करता येते, पण रिझर्व्हला लागलेली गाडी आपले म्हणणे ऐकविल्यावाचून राहत नसे.

या व्यवस्थेत एकच मेख होती. पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा मूळ जागी आणणे हे माणसाच्या स्मरणावर सोडलेले होते. जो ते विसरे, त्याची गाडी दिवसेंदिवस तळाच्या तोंडातूनच पेट्रोल पीत राही आणि एके संध्याकाळी कोणतीही पूर्वसूचना न देता थांबे. मग कॉककडे हात नेल्यावर तो आधीच रिझर्व्हवर असल्याचे ध्यानी येई. गंगाजळी संपली होती, आणि ती केव्हा संपली हेही कळले नव्हते. अशा वेळी अखेरचा उपाय म्हणून गाडी तिरकी केली जाई. मोटारसायकलीची टाकी चौकटीच्या नळीवर खोगिराप्रमाणे बसलेली असल्यामुळे कॉकच्या विरुद्ध बाजूच्या कप्प्यात थोडे पेट्रोल अडकून राही. गाडी कॉकच्या बाजूला कलती केली म्हणजे ते मधला उंचवटा ओलांडून इकडे येई. स्कूटर एका अंगावर कलती करून किक मारणारे गृहस्थ आणि शेजारी पिशवी सांभाळीत उभी असलेली त्यांची पत्नी हे दृश्य आमच्या लहानपणी कोणत्याही शहरात दिसे.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेल हे शस्त्र बनले. पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरांच्या घरात गेला. त्या काळी आपल्या गरजेपैकी सुमारे दोनतृतीयांश तेल परदेशांतून येत असे. पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून नोव्हेंबर १९७३ मध्ये श्री. अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडले, १९७६ पासून तेथून उत्पादन सुरू झाले आणि देशाला थोडा धीर आला. तोच १९७९ मध्ये इराणातील क्रांतीमुळे दुसरा धक्का बसला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थेने तेल वाचविण्याच्या सूचना घरोघरी पोहोचविल्या. गाडी मध्यम व स्थिर वेगाने चालवा, टायरमधील हवा योग्य ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, क्लचवर हात ठेवून चालवू नका, या त्या सूचना. त्यांत चमत्कार कोणताही नव्हता. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो आणि हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात शक्ती खातो, एवढेच साधे शास्त्र त्यांच्यामागे होते.

याच काळात ‘अ‍ॅव्हरेज’ हा इंग्रजी शब्द मराठी घरांत रूढ झाला. त्याचा मूळ अर्थ काहीही असो, आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, लिटरला किती किलोमीटर. ते काढण्याची लोकांनी शोधलेली रीतही रिझर्व्हवरच आधारलेली होती. गाडी रिझर्व्हला लागली की मीटरवरचा आकडा टिपून ठेवायचा, मोजके पेट्रोल भरून कॉक पूर्ववत करायचा आणि पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत वाट पाहायची. समजा, पाच लिटर भरले आणि दोन रिझर्व्हमधले अंतर २२५ किलोमीटर निघाले, तर अ‍ॅव्हरेज ४५. यंत्रज्ञही हसणार नाही इतकी ही रीत बिनचूक आहे, कारण दोन्ही वेळा टाकीतील पातळी एकच असते. दूधवाल्याच्या आणि वाण्याच्या हिशेबाशेजारी कित्येक घरांच्या डायरीत हे आकडे लिहिलेले असत. महिन्याच्या वीस तारखेनंतर गाडी रिझर्व्हला लागली तर सिनेमा पुढच्या पगारावर जाई.

काटकसरीच्या या वातावरणात १९७२ मध्ये पुण्याहून लुना आली. तिचे इंजिन ५० सीसीचे होते व तिला पाय मारण्यासाठी पेडल होते. पेट्रोल संपले तरी ती ढकलावी लागत नसे, सायकलीसारखी चालविता येई. स्वतःचे पाय हीच तिची गंगाजळी होती. काटकसरीचा अतिरेकही होई. घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे महाभाग होते. इंजिनाचा रोध नाहीसा झाल्यावर साऱ्या वेगाचा भार ब्रेकवर पडतो आणि तो तापून निकामी होऊ शकतो, हे ते विसरत. चार आण्यांच्या पेट्रोलासाठी जीव गहाण ठेवणे ही काटकसर नव्हे.

त्या काळच्या बहुतेक दुचाक्या टू-स्ट्रोक होत्या. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल घालून स्कूटर दोन्ही हातांनी हलवावी लागे. या इंजिनात नवे मिश्रण आत येताना जळलेला वायू बाहेर ढकलला जातो आणि त्या घाईत थोडे ताजे पेट्रोलही न जळता धुराबरोबर निघून जाते. मागे राहणारा निळसर धूर हा एका परीने खिशातील पैशाचाच धूर होता. फोर-स्ट्रोक इंजिनात आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दारे स्वतंत्र वेळी उघडतात, म्हणून ही गळती बहुतांशी टळते. जपानच्या होंडा कंपनीने १९५८ मध्ये सुपर कब ही छोटी फोर-स्ट्रोक गाडी काढून हे सिद्ध केले होते. सायकली बनविणाऱ्या हिरो समूहाने याच होंडाशी करार केला आणि १९८५ मध्ये हरियाणातील धारूहेडा येथून सीडी-१०० ही मोटारसायकल बाजारात आली. लिटरला ८० किलोमीटर, हा तिच्या जाहिरातीतील दावा होता आणि ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ हे तिचे घोषवाक्य होते. टाकी भरा आणि विसरून जा, असे भारतीय माणसाला प्रथमच कोणी सांगत होते. गंमत अशी की तो विसरला नाहीच. तो आणखी काटेकोरपणे अ‍ॅव्हरेज मोजू लागला. २००१ मध्ये ही कंपनी संख्येच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक ठरली, ती वेगामुळे नव्हे, हिशेबामुळे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेलाचे भाव पुन्हा भडकले, आखातातील आपल्या लोकांकडून येणारा पैसा रोडावला आणि आधीच ओढाताणीत असलेली देशाची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटू लागली. १९९१ च्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच चलन उरले होते. मे महिन्यात जप्त सोन्यापैकी २० टन सोने परदेशी विकावे लागले, तर जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने तारण ठेवले. आम्ही तेव्हा नोकरीच्या उंबरठ्यावर होतो. देश रिझर्व्हला लागला आहे, हे कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाविना सर्वांना समजत होते. पुढे कॉक फिरला आणि गाडी थांबली नाही, हे आपले भाग्य. परंतु रिझर्व्ह हे मुक्कामाला पोहोचण्यासाठी नसते, पंपापर्यंत पोहोचण्यासाठी असते, हे त्या वर्षाने शिकविले.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील मराठी माणसांचा रिकाम्या टाकीशी आणखी एक निराळा संबंध आहे. आगगाडीने दुचाकी पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी असावी लागते. पार्सल कार्यालयाबाहेर नळी लावून पेट्रोल डब्यात काढायचे, गाडीला गोणपाट गुंडाळून घ्यायचे, तिच्यावर नव्या गावाचे नाव रंगवायचे आणि ब्रेकव्हॅनच्या हवाली करायची. नव्या स्थानकावर गाडी उतरली की अनोळखी भाषेत पंपाचा रस्ता विचारीत ती ढकलत न्यायची. परप्रांतात आलेल्या कित्येक कुटुंबांचा पहिला प्रवास असा रिकाम्या टाकीने झालेला आहे, आणि पंपावर भेटलेल्या एखाद्या अपरिचित गृहस्थाने “आप महाराष्ट्र से हैं?” असे विचारून मंडळाचा पत्ता सांगितल्याचेही दाखले आहेत.

आज ते कॉक बहुतांशी इतिहासजमा झाले आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आणि रिझर्व्हच्या जागी एक छोटा दिवा लुकलुकू लागला. नव्या गाड्यांतील पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो व त्याच पेट्रोलने थंड राहतो. त्यामुळे टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी पळविणे त्याला मानवत नाही. चेतक हे नाव २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरला मिळाले आणि अ‍ॅव्हरेजची चिंता आता बॅटरीच्या टक्क्यांत मोजली जाते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल मात्र आजही बाहेरूनच येते. दिवा बदलला, टाकी तीच आहे.

आपल्या मंडळाचा जन्म तेलसंकटाच्या दशकातला. त्या काटकसरीच्या दिवसांत, पेट्रोल परवडत नव्हते तेव्हा, एका स्कूटरवर तिघे-चौघे बसून संस्थापक मंडळी वर्गणीसाठी फिरली. त्यांनी येताना बालपणी भरून घेतलेली मराठी भाषा बरोबर आणली होती आणि पन्नास वर्षे आपण त्या साठ्यावर चाललो आहोत. आपल्या मुलांच्या बोलण्यात जेव्हा शब्द अडखळतात, तेव्हा इंजिनाचा तो आचका ओळखता आला पाहिजे. तो धोक्याचा असला तरी अखेरचा नसतो. त्यानंतरही काही अंतर जाता येते. त्या अंतरात पंप गाठावा, म्हणजे मंडळाचे ग्रंथालय, बालवर्ग आणि घरातले जेवणाचे पान. आणि टाकी भरून झाल्यावर कॉक आठवणीने मूळ जागी आणावा, म्हणजे पुढच्या पिढीलाही वेळेवर सूचना मिळेल.