त्रिकोणी घर आणि कामगाराची सुटी



आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा घरबांधणीच्या शास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु गेल्या वर्षी अमेरिकेत भाच्याकडे गेलो असता एक विकाऊ घर पाहण्याचा योग आला, आणि त्या घराने आम्हांस जो इतिहास वाचावयास लावला तो आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

भाचा पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमा शहरी नोकरीस आहे. एका रविवारी तो आम्हांस हूड कॅनाल नावाच्या खाडीकाठी घेऊन गेला. उंच सूचिपर्णी झाडांत ते घर उभे होते, आणि त्याला बाजूच्या भिंतीच नव्हत्या! इंग्रजी ‘ए’ अक्षर जमिनीवर उभे करावे तसा त्याचा आकार. दोन्ही पाखी आढ्यापासून थेट जमिनीला टेकलेली, पुढचा त्रिकोण सारा काचेचा. आत एक मोठी खोली, लहानसे स्वयंपाकघर, आणि शिडीने चढावयाचा झोपण्याचा माळा. कडेला कपाट लावण्याची सोय नाही. तेथे माणूसच वाकून उभा राहतो. घर १९६२ सालचे, असे दलालबाईंनी सांगितले.

या घराची युक्ती साधी आहे. चौकोनी चौकट रेटली की कलते. त्रिकोण कलत नाही. दोन वासे आणि खालची आडवी तुळई जोडली की छप्पर आणि भिंत एकदमच तयार होते. उतारावर बर्फ साचत नाही. चौकटी जमिनीवर जोडून चारदोन माणसांनी उभ्या करावयाच्या, वर प्लायवूडचे तक्ते ठोकावयाचे. बेताचे सुतारकाम येणाऱ्यालाही हे जमते.

अशी उतरती छपरे जगाला नवी नव्हती. जपानातील शिराकावा खोऱ्यात शेतकऱ्यांची तसली गवताची छपरे शतकांची आहेत. अमेरिकेत रुडॉल्फ शिंडलर या वास्तुविशारदाने १९३४ साली कॅलिफोर्नियातील लेक ॲरोहेड येथे असे घर योजिले. तेथील नियम असा की घर नॉर्मन धाटणीचेच हवे. शिंडलरने आपले त्रिकोणी घर त्याच धाटणीचे म्हणून मंजूर करून घेतले! तथापि वीस वर्षे या तऱ्हेला फारसे कोणी विचारले नाही. पुढे अँड्र्यू गेलर याने लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर बांधलेले घर १९५७ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात झळकले, आणि मग डोंगरात, तळ्याकाठी ही घरे भराभर उभी राहिली.

आता प्रश्न असा की ती तेव्हाच का उभी राहिली? त्रिकोण तर पूर्वीही होता. आमच्या मते उत्तर नकाशात नाही, घड्याळात आहे. १९३८ च्या कायद्याने अमेरिकेत कामाच्या तासांना मर्यादा पडली. १९४० पासून चाळीस तासांच्या आठवड्यावर काम घेतले तर दीडपट मजुरी देणे भाग झाले. युद्धानंतर संघटनांनी भरपगारी रजा मिळविल्या. १९५६ च्या कायद्याने एकेचाळीस हजार मैलांच्या महामार्गांची योजना आली. शनिवार-रविवार हाती आला, मोटार दारी आली, तेव्हा कोठे दुसऱ्या घराची कल्पना सामान्य माणसाच्या डोक्यात शिरली. टॅकोमातील प्लायवूड उत्पादकांच्या संघाने तर अशा घरांचे आराखडे लोकांना पुरविले. तक्ते खपावेत हा हेतू उघड होता.

ते तक्ते बनविणाऱ्यांचीही एक कथा आहे. १९२१ साली जवळच्याच ऑलिंपिया गावी १२५ कामगारांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून स्वतःच्या मालकीची प्लायवूडची गिरणी काढली. तिचे पाहून आणखी कित्येक निघाल्या. पण पहिल्या गिरणीत पुढे सभासद थोडे आणि पगारी माणसे फार, अशी स्थिती झाली, व १९५४ साली ती एका मोठ्या कंपनीला विकली गेली. ही सुबत्ता सर्वांची होती असेही नव्हे. कृष्णवर्णीय माणसाला रंगावरून घर नाकारणे देशभर बेकायदा ठरले ते १९६८ साली.

हे सारे आम्ही नंतर वाचले. त्या दिवशी माळ्यावर उभे असता आम्हांस वडिलांची आठवण झाली. ते गिरणीत होते. मुंबईच्या गिरण्यांना १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने रविवार मिळाला. त्या रविवारी वडील चाळीतल्या खोलीत दुपारभर झोपत. सुटी म्हणजे झोप, एवढाच आम्हां मुलांचा समज होता.

भाच्याने हळूच विचारले, “मामा, घेऊ का?”

“पैसे?”

“कर्ज काढीन. एकेका रात्रीच्या भाड्याने प्रवाशांना दिले की हप्ता सुटेल. शनिवार-रविवारला भाव चांगला येतो.”

“मग तू येथे राहणार केव्हा?”

तो हसला. त्याचे काम संगणकावरचे, आठवड्याचे साठ तास. पगारदार तज्ज्ञ म्हणून दीडपट मजुरीच्या कायद्यात तो बसत नाही. संघटना आहे का, असे आम्ही सवयीने विचारले. “आमच्यात तसे कोणी करीत नाही,” तो म्हणाला.

परतताना मोटारीत आम्ही फारसे बोललो नाही. घर उत्तम होते. साठ वर्षे पावसात उभे राहून त्याचा एक वासा हलला नव्हता. ज्या दोन दिवसांसाठी ते बांधले, ते दिवस मात्र भाच्यापाशी उरले नव्हते. ते परत कसे मिळवावयाचे, हे त्याला समजावून सांगण्यासाठी आम्ही आणखी चार दिवस राहिलो. रात्री दहापूर्वी तो एकदाही घरी आला नाही.