ग्वानो, ग्वानीन आणि समुद्रातील आरसे

समुद्रातील एकपेशीय जीवांच्या पोटात चमकणाऱ्या स्फटिकांची ही हकीकत खताच्या ढिगाऱ्यापासून सुरू करावी लागते. पेरूच्या किनाऱ्यासमोरील चिंचा बेटांवर पाऊस जवळजवळ पडत नाही. त्यामुळे मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेचे थर तेथे शतकानुशतके साचत गेले. क्वेचुआ भाषेतील शब्दावरून त्यांना ग्वानो हे नाव पडले. ग्वानोत नत्र विपुल. १८४० नंतर युरोपातील शेतीला हे खत हवेसे झाले आणि ते खणावयास माणसे हवी झाली. १८४९ पासून चिनी मजूर कराराने पेरूत आणले जाऊ लागले. करार बहुधा आठ वर्षांचा असे. त्यांतील अनेकांच्या वाट्याला ही बेटे आली. उन्हात, नाकातोंडात जाणाऱ्या धुळीत ठरलेले वजन भरावयाचे. कमी पडले तर फटके. कित्येकांनी समुद्रात उड्या घेतल्या. मजुरांचा हा व्यापार १८७४ साली थांबला.

त्याच काळात, १८४४ साली, उंगर या जर्मन रसायनज्ञाने ग्वानोतून एक पदार्थ वेगळा काढला. तोच ग्वानीन. माशाच्या खवल्यांची रुपेरी चकाकी ग्वानीनच्या स्फटिकांची असते, हे पुढे कळले. पॅरिसचे कारागीर मात्र सतराव्या शतकापासून ही चकाकी काचेच्या मण्यांत भरून खोटे मोती करीत आले होते.

डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांतील स्फटिक सूक्ष्मदर्शकातून पूर्वीच दिसले होते; पण ते पुष्कळदा कॅल्शियमच्या क्षाराचे समजले जात. २०१९ साली अशा एका सागरी जातीतील स्फटिक ग्वानीनचे ठरले. २०२० साली प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, कित्येक सूक्ष्म शैवाले ग्वानीनच्या रूपाने नत्र साठवितात आणि तुटवडा पडला की ते वापरतात. शिवाय पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, तर ग्वानीनच्या स्फटिकाचा सुमारे १.८. म्हणून त्यावर पडलेला प्रकाश परत फिरतो. निसटता प्रकाश हे स्फटिक पुन्हा हरितद्रव्याकडे वळवीत असावेत, असा तर्क आहे. म्हणजे कोठारही तेच आणि आरसाही तोच.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे. शास्त्राचे कौतुक आम्हांलाही आहे. परंतु ज्या नत्रासाठी माणसे बेटांवर राबविली, तेच नत्र ही पेशी आपल्या गरजेपुरते जपून ठेवते. पाठ्यपुस्तकात उंगरचे नाव राहिले, हे योग्यच. खणणाऱ्यांची नावे मात्र तेथे नाहीत. ग्वानीन हा शब्द उच्चारताना ती बेटे आठवावीत, एवढीच आमची विनंती.