मुष्टिफंड : कालचा आणि आजचा

यंदाच्या स्मरणिकेसाठी मंडळाचा जुना इतिहास लिहून द्यावा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. काम सोपे वाटले. पूर्वीच्या एका स्मरणिकेचा सगळा मजकूर संगणकावर जुळविलेला होता आणि त्याची तबकडी कपाटात जपून ठेवलेली होती. ती उघडून पाहिली, तो पडद्यावर नुसती गिचमिड! ज्या विकतच्या सॉफ्टवेअरवर तो मजकूर जुळविला होता ते आता मिळत नाही, आणि त्यातली अक्षरे दुसऱ्या यंत्राला कळत नाहीत. छापील प्रत एकच उरलेली, तिलाही वाळवी लागलेली. ज्या भगिनींच्या आठवणी त्यात होत्या, त्यांतल्या कित्येक आज हयात नाहीत. आपलेच शब्द, आपलेच कपाट आणि किल्ली मात्र परक्याच्या हाती, अशी आमची गत झाली.

त्या गिचमिडीपुढे बसले असताना मला आजीचे मडके आठवले. माझे माहेर सांगलीकडचे. रोजच्या स्वयंपाकाचे धान्य काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावयाची, आठवड्याने ते मडके शाळेच्या बोर्डिंगासाठी रिकामे व्हावयाचे, ही गोष्ट तिने आम्हां मुलांना किती वेळा सांगितली असेल! यालाच मुष्टिफंड म्हणत.

सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे इ.स. १९१० च्या सुमारास भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला, तो अशा मुठीमुठीच्या मदतीवर. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्माजींच्या हस्ते त्या बोर्डिंगास श्री छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. आज रयतेच्या वटवृक्षाखाली लाखो मुले शिकतात, पण त्या वृक्षाच्या मुळाशी स्वयंपाकघरातली मूठ आहे, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

आता या मुठीचा आणि संगणकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो सांगते.

भाऊरावांनी काही काळ किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांचा प्रचार करीत गावोगाव हिंडून विक्रीचे काम केले होते. कल्पना करा, की एखाद्या शेतकऱ्याने रोख पैसे मोजून नांगर घेतला, पण विकणाऱ्याने अट घातली: "फाळ बोथट झाला तर गावच्या लोहाराने हात लावावयाचा नाही, नांगर कसा केला ते पाहावयाचे नाही आणि शेजाऱ्याला एक दिवसही द्यावयाचा नाही." असा नांगर आपल्या भागात कोणी बांधावर तरी उभा करू दिला असता काय? परंतु संगणकाची पुष्कळशी सॉफ्टवेअर अशाच अटींवर विकली जातात, आणि आपण त्या अटी न वाचता मान्य करतो.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थाला ही गोष्ट सहन झाली नाही. ते काम करीत त्या प्रयोगशाळेतील छपाईयंत्र वारंवार अडत असे. दुरुस्ती करावयाची तर त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर त्यांना मिळेना. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जाहीर केले, की संगणकाची सगळी व्यवस्था आपण नव्याने लिहू आणि ती सर्वांना मोकळी ठेवू. 'ग्नू' हे तिचे नाव. चार स्वातंत्र्ये त्यांनी मांडली: हव्या त्या कामासाठी वापरण्याचे, आत काय आहे ते पाहून बदलण्याचे, दुसऱ्याला प्रत देण्याचे आणि सुधारलेली प्रत वाटण्याचे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा लिहिला आणि जगभरच्या लोकांनी त्यात आपापली मूठ टाकली. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने घोटाळा होतो. मराठीत आपल्याला 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन शब्द आहेत. हे सॉफ्टवेअर पुष्कळदा फुकट मिळते खरे, पण त्याचे मोल त्याच्या मुक्तपणात आहे. बोर्डिंगातली भाकरीही मुलांना फुकटच मिळे, पण ती कोणाच्या तरी मुठीतून आलेली असे.

मराठीपुरते बोलावयाचे, तर १९९१ साली देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांना ओळखू येईल असा एकच क्रमांक मिळाला. पण केवळ क्रमांकाने काम होत नाही. इ.स. २००० च्या सुमारास 'इंडलिनक्स' या नावाने काही मंडळींनी भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचा उद्योग आरंभिला. मराठी भाषांतरे झाली, 'लोहित'सारखे मुक्त टंक निघाले, आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. केरळ राज्याने तर आपल्या सरकारी शाळांचे संगणकशिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले.

आता आमच्या तबकडीचे काय झाले ते ऐका. शेजारच्या एका महाविद्यालयीन मुलीने ती 'लिबरऑफिस' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडली. जुनी, बंद पडलेली लेखने वाचण्याची सोय कोण्या स्वयंसेवकांनी त्यात करून ठेवली आहे. मग दुसऱ्या कोणी तयार करून ठेवलेल्या परिवर्तकातून तिने ती अक्षरे युनिकोडमध्ये आणली. जोडाक्षरे बिघडली होती, काना-मात्रा हरवल्या होत्या. आम्ही तिघी चार दुपारी बसलो आणि तांदूळ निवडावेत तशा चुका वेचल्या. दोन पाने मात्र कायमची गेली. बाकीच्या आठवणी या अंकात पुन्हा छापल्या आहेत. ज्यांनी आपल्याला ही मदत केली, त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

तेव्हा ही परतफेड कशी करावी? प्रोग्राम लिहिता आलाच पाहिजे असे नाही. ज्यांचा आवाज स्पष्ट आहे त्यांनी मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या उपक्रमात मराठी वाक्ये वाचून द्यावीत, म्हणजे यंत्रांना आपली बोली समजेल. मात्र दिलेला आवाज सर्वांसाठी खुला होतो, हे जाणून द्यावा. ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांनी मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची मुद्रिते तपासावीत. तेथे एकीने तपासलेले पान दुसरी पुन्हा तपासते. ज्यांना गल्लीबोळ पाठ आहेत त्यांनी २००४ पासून चाललेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या नकाशात वाड्या-वस्त्यांची खरी नावे मराठीत भरावीत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई सांगलीत शिरली, तेव्हा कोणती गल्ली कोठे हे नेमके माहीत असण्याची किंमत आपण पाहिली आहे. काही बिघाड दिसला तर नुसती कुरकुर न करता नीट लिहून कळविणे, हीदेखील मोठी मदत आहे. पटकन न समजणारा भाषांतरित शब्द दिसला, तर आपल्या घरातला सोपा शब्द सुचवावा. आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी थोडीफार देणगी द्यावी.

घरातल्या मुलींना आणखी एक सांगावे. 'ग्नोम' या मुक्त प्रकल्पाने २००६ मध्ये खास स्त्रियांसाठी उमेदवारीची योजना काढली. तीच पुढे 'आउटरीची' झाली आणि इतर उपेक्षितांनाही खुली झाली. तीत काम शिकताना विद्यावेतन मिळते. 'कमवा आणि शिका' हे साताऱ्याला कोणी नव्याने शिकवावयास नको!

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी दोन गोष्टी ठेवते. मंडळाचे हिशेब, सभासदयादी आणि पुढील सर्व स्मरणिका मुक्त सॉफ्टवेअरवर, युनिकोडमध्येच ठेवाव्यात. आणि महिन्यातून एक दुपार आपण सर्वजणींनी यांपैकी एखाद्या कामाला द्यावी. आजीच्या मडक्यात रोज पडे ती एकच मूठ. ती कमी आहे म्हणून तिने कधी हात आखडला नाही.