जीजीची दक्षिण

नवरात्र उठलं, सोयाबीन कापून खळ्यावर आलं आणि पहाटेच्या हवेत जरा शिरशिरी जाणवू लागली, की खातेगावात आमच्या घरी एक बोलणं हमखास निघायचं. यंदा दक्षिणेत कोण जातंय? दक्षिण म्हणजे नर्मदेच्या पलीकडचं, मराठी मुलखातलं सगळं काही. जेजुरी, तुळजापूर, पुणं, नगर, नाशिक, सगळं दक्षिणेतच. उन्हाळ्यात प्रवास नको व्हायचा, पावसाळ्यात वाटा चिखलाच्या, आणि एकदा गव्हाला पाणी द्यायचं सुरू झालं की घरातून पाय निघत नसे. म्हणून कुलदैवताला जायचं ते आश्विन-कार्तिकातच. आत्या दुधात मळलेल्या दशम्या करायची, गूळपापडीच्या वड्या पाडायची, आणि वाटेत कुणाचं पोट बिघडू नये म्हणून ओव्याची पुडी न विसरता बांधायची.

या सगळ्या गडबडीत जीजी, म्हणजे आमची आजी, ओसरीवर बसून आम्हाला वाट सांगायची. तिचं माहेर धारचं, सासर आधी देवासचं आणि मग खातेगावचं. आजोबा होळकर सरकारच्या कचेरीत कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. स्वतः जीजी दक्षिणेत फार थोड्या वेळा गेली असेल. पण सांगायची अशी, की दर कोसावरचं झाड तिच्या ओळखीचं वाटावं. नीरेकाठचं गाव, पुरंदराच्या बाजूचं, तिथून आपला मूळ पुरुष निघाला. का निघाला? पाहुणे बसले असले तर ती म्हणायची, दुष्काळ पडला. आम्ही मुलंच असलो तर म्हणायची, भावाभावांत वाटणीवरून वाजलं आणि हा रागानं जेवता जेवता उठून गेला. मला दुसरं कारण जास्त आवडायचं. आजही खरं कुठलं ते सांगता येत नाही. बहुधा दोन्ही असतील.

निघाला तो दसऱ्यानंतर, एवढं मात्र ती कधी बदलत नसे. त्यात तथ्य असणार, कारण मराठी फौजा मुलूखगिरीला निघायच्या त्या दसऱ्याचं सीमोल्लंघन करूनच. नद्यांचं पाणी उतरलेलं, घोड्यांना वैरण मिळण्यासारखी, पिकं हाताशी आलेली. २९ नोव्हेंबर १७२८ला चिमाजी अप्पांनी धारजवळ अमझेऱ्याला माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला, तेही याच दिवसांत. मल्हारराव होळकर, उदाजी पवार त्या मोहिमेत होते. त्या सुमारास पवारांचं एक घर धारला रुजलं आणि तुकोजी व जिवाजी हे दोन भाऊ देवासला. त्यांच्यामागून शिलेदार आले, कारकून आले, भट आले, आचारी आले, सोनार-शिंपी आले. बायका केव्हा आल्या हे कुठल्या बखरीत लिहिलेलं मी वाचलं नाही. जीजी म्हणायची, "बाईमाणूस मागच्या गाड्यांतून आलं. पाटा-वरवंटा घेऊन."

आमचा पूर्वज कुठल्या वाटेनं आला याबद्दलही जीजीचं ठाम मत होतं. आला तो हंडियाच्या घाटानं. आग्र्याहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना बादशाही रस्ता हंडियालाच नर्मदा ओलांडायचा, तेव्हा हे अशक्य नाही. खातेगावापासून नेमावर जवळच, आणि नेमावरच्या समोर पलीकडच्या तीरावर हंडिया. इकडे सिद्धनाथ, तिकडे रिद्धनाथ. सिद्धनाथाचं देऊळ परमारांच्या काळातलं. त्याच्या दगडावर संध्याकाळचं ऊन पडलं की तिथून उठावंसं वाटत नाही. नर्मदेचं नाभिस्थान इथे आहे असं मानतात, म्हणजे उगम आणि सागर यांच्या मधोमध. हंडियाला मुल्ला दोप्याजाची कबर आहे असंही सांगतात. जीजीला त्याचं फार कौतुक, कारण नावात कांदा असलेला विद्वान तिला दुसरा ठाऊक नव्हता.

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास सुटला, की परिक्रमावासी चालू लागायचे. उत्तर तीरानं चालणारे नेमावरला मुक्काम करत. जीजी पौर्णिमेच्या आसपास नेमावरला जाऊन राहायची आणि सदावर्ताला म्हणून पीठ, डाळ, मीठ, तूप सोबत न्यायची. "नर्मदे हर" म्हणून कुणी समोर आलं आणि बोलण्यात मराठी वळण दिसलं, की शिधा घालता घालता तिचा पहिला प्रश्न तयार असायचा. तुमचं गाव कोणतं? सासवडकडचं कुणी निघालं तर त्या माणसाची सुटका नसायची. नीरेला यंदा पाणी आहे का, वाल्ह्याच्या बाजूला पाऊस कसा झाला, सीताफळं आली का. चालून चालून पायाला फोड आलेला तो माणूस बिचारा सगळ्याची उत्तरं द्यायचा, कारण अंगणात बसवून गरम आमटी वाढणारी म्हातारी त्यालाही आपल्या घरची वाटत असणार. जीजीची दक्षिण अशी दर वर्षी पायी चालत तिच्याकडे यायची.

धारचं तिचं माहेर हा वेगळाच खजिना. दुसरे बाजीराव पेशवे जन्मले ते धारच्या किल्ल्यात, १० जानेवारी १७७५ला. राघोबादादांची पळापळ चालू होती आणि दिवस गेलेल्या आनंदीबाईंना पवारांच्या आसऱ्याला ठेवलं होतं. हे इतिहासात आहे. जीजीच्या माहेरच्या इतिहासात आणखी एवढं होतं, की त्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांना जे तूप लागलं, त्याचा हिशेब तिच्या पणजोबांच्या आजोबांनी ठेवला होता. याला कागदाचा आधार नाही. पण लाडू वळताना ती हे सांगायची आणि तूप ओतताना हात जरासुद्धा आखडता घ्यायची नाही, त्यामुळे आम्हाला पुरावा पोचायचा.

देवासच्या गोष्टी आजोबांच्या बाजूच्या. एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. आजोबा लहान असताना थोरल्या पातीच्या वाड्यात गोकुळाष्टमीला एक गोरा साहेब धोतर-पागोट्यात उभा असलेला त्यांनी पाहिला होता म्हणे. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे तुकोजीराव महाराजांचे खाजगी चिटणीस होते आणि त्या उत्सवात भागही घेत, तेव्हा ते तेच असणार. फॉर्स्टरांनी देवासवर पुस्तक लिहिलं ते १९५३मध्ये. आजोबांनी पाहिलेला साहेब त्याच्या आधीपासून आमच्या घरात होता. पुढे थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. जीजी म्हणायची, "राजा परतला दक्षिणेत. आपण राहिलो गहू-चण्यापाशी." त्यात खंत नसायची. माळव्यावर तिचं फार प्रेम. पितृपक्षात तिच्या लेकी शेजारणींबरोबर भिंतीवर शेणाची संजा मांडत, गुलबासाच्या फुलांनी सजवत, आणि लगेच नवरात्रात हादग्याचा हत्ती पाटावर काढून खिरापत ओळखायला लावत. भुट्ट्याचा कीस दुधात शिजवावा तो तिनंच.

जीजी गेल्यावर काही वर्षांनी, अशाच आश्विनात, मी आत्याला घेऊन निघालो. इंदूर, सेंधवा, धुळं, असा आताचा रस्ता. निघण्याआधी जीजीची पत्र्याची ट्रंक उघडली होती. तळाशी मोडीतले काही कागद. पुण्यात मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे ते नेले. ज्या शहरात राजवाड्यांनी १९१०मध्ये इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, जिथे पेशवे दप्तरातून सरदेसायांनी पंचेचाळीस खंड वेचून काढले, तिथे आमच्या कागदांनाही काहीतरी मोठं सांगता येईल अशी आशा होती. निघाला तो खर्चाचा तपशील. घोड्यांची चंदी, वैरण, दिव्याचं तेल, कुणाला दिलेलं पागोटं. तेही वाचताना मला भरून आलं, कारण कुणीतरी आपल्याच रक्ताचा माणूस बोरूनं ते लिहीत बसला होता. आत्या मात्र म्हणाली, "यात बाई एकही नाही रे."

नीरेकाठच्या त्या गावात आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. पारावरच्या वडीलधाऱ्यांनी आस्थेनं चौकशी केली, आडनाव दोन-तीनदा उच्चारून पाहिलं, पण माळव्यात गेलेल्या कुणाची आठवण गावात उरलेली नव्हती. जे गेले त्यांनी अडीच-तीनशे वर्षं रोज गावाचं नाव घेतलं, आणि जे राहिले त्यांना ते आठवायचं कारणच पडलं नाही. याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझा भाचा ग्लासगोला नोकरीला आहे, तो सांगतो की तिकडेही शरदात कॅनडा-ऑस्ट्रेलियातून माणसं येतात. मेंढ्यांच्या कुरणांसाठी ज्यांच्या पूर्वजांना हायलँडमधल्या घरांतून हुसकलं गेलं, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. नेचे तांबूस झालेल्या डोंगरउतारावर पडक्या दगडी भिंती शोधतात, चर्चच्या नोंदवह्या चाळतात. त्याच स्कॉटलंडातल्या लँगहोमजवळचा जॉन माल्कम तेराव्या वर्षी घर सोडून निघाला, आणि १८१८नंतर आमच्या माळव्याचा कारभार पाहताना इथल्या जुन्याजाणत्यांना बसवून त्यानं अहिल्याबाईंच्या आठवणी विचारून घेतल्या. लँगहोमच्या टेकडीवर त्याचा उंच स्तंभ आहे. भाच्यानं मुद्दाम जाऊन पाहिला आणि फोनवर म्हणाला, मामा, इथे उभं राहून मला आपल्या माळव्यातलं महू आठवलं.

पण गावाची गोष्ट राहिली. पारासमोरच्या घरातल्या आजीबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि वर पुरंदरची सीताफळं. आमच्याकडेही सीताफळ पुष्कळ, पण ही मोठ्या डोळ्यांची, गर सुटून येणारी. आत्या बोलता बोलता सांगू लागली, की आमच्या घरी चातुर्मासापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं शिजत नाही, आणि त्या दिवशी खंडोबाला भरताबरोबर बाफला दाखवतात. बाफला म्हणजे काय, आजीबाईंनी विचारलं. आत्यानं कृती सांगितली. जाडसर कणीक, उकडायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायची, तुपात बुडवायची. आजीबाई हसल्या. "अगं बाई, हा तर आमचा रोडगा. तुम्ही आधी उकडता एवढंच." मग त्यांनी आत्याचा हात धरला तो सोडलाच नाही. दोघी देवघरातल्या टाकांविषयी, तळी भरण्याविषयी, कुठल्या वाराला काय वर्ज्य याविषयी बोलत राहिल्या आणि मी अंगणात सीताफळाच्या बिया वेचत बसलो. माळव्यातल्या कुणा बाईनं कधीतरी पहिल्यांदा शेजारणीचा बाफला बघून ठरवलं असेल, की हाच आपला रोडगा, देव चालवून घेईल.

परतताना नाशिकला उतरलो. आमच्या तीर्थोपाध्यायांकडे वही निघाली. पणजोबांचा लेख सापडला, तिरप्या अक्षरात, शेवटच्या अक्षराला ओढलेली रेघ तशीच माझ्या वडिलांच्या सहीत होती. पुरुषांची नावं ओळीनं होती. बायकांचीही होती, पण सासरची. कोण कुठली लेक, याचा पत्ता नाही. गुरुजींनी नवी नोंद करायला पेन उघडलं तेव्हा आत्यानं त्यांना थांबवलं आणि म्हणाली, माहेरं लिहायची. गुरुजी तरुण होते, त्यांनी आनंदानं मान डोलावली. आत्या सांगू लागली. जीजी, माहेर धार. जीजीची सासू, माहेर हरदा. मी, दिल्या घरी उज्जैन. जीजीच्या सासूच्याही मागची जी सासू, ती कुठली? आत्या अडली. हंडियाची की बुऱ्हाणपूरची, तिला आठवेना. गुरुजी पेन धरून थांबले होते. आत्यानं माझ्याकडे हात केला, "खातेगावला फोन लाव. धाकट्या काकूला विचार. तिला जीजीनं सांगितलेलं असणार."